नवरा-बायको आणि मधला ‘च’



आजचं बोलणं नवरा-बायकोच्या भांडणावर आहे. तुम्ही म्हणाल, त्यावर रेडिओवर काय बोलायचं, ते तर घरोघरी फुकट ऐकू येतं. खरं आहे. पण भांडण कसं पेटतं, कसं वाढतं आणि कसं आवरता येतं, याचा काही माणसांनी सत्तर वर्षं अभ्यास केला. त्यातून एक उपचार तयार झाला. डॉक्टर लोक त्याला ‘सीबीटी’ म्हणतात, आपण विचार-वर्तन उपचार म्हणू. यात गोळी नाही, इंजेक्शन नाही, अंगारा-धुपारा नाही. दोघांनी समोरासमोर बसून बोलायचं असतं, आणि बोलण्याआधी आपापल्या मनात काय चाललंय ते बघायचं असतं.

हा उपचार कुठे निघाला, महाराष्ट्रात कसा आला आणि शहरातल्या दवाखान्यातून आपल्या आशाताईच्या वहीपर्यंत कसा पोचला, ती गोष्ट आज सांगते. तो कुठे वापरायचा नाही, तेही सांगते. कारण ते कळलं नाही, तर चांगला उपचारसुद्धा बाईच्याच गळ्याशी येतो.

आधी आपल्या जवळचं

मनाशी बोलायचं असतं, ही गोष्ट जालना जिल्ह्याला कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही. आपल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. तिथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांचे ‘मनाचे श्लोक’ शाळेत असताना आपल्यातल्या कितीजणींनी पाठ केले असतील. २०५ श्लोक आहेत, आणि ते स्वतःच्या मनाला उद्देशून आहेत. मनाला समोर बसवायचं, आणि लेकराला सांगावं तसं त्याला सांगायचं. आता समर्थ तर ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा घरोघरी सांगतात. तेव्हा नवरा-बायकोच्या उपचाराचं श्रेय त्यांना द्यायला नको! त्यांचं सांगणं भक्तीसाठी होतं. पण मन म्हणजे आपण सगळे नाही, त्याला थोडं बाजूला काढून बघता येतं, ही सवय आपल्या कानाला लागली आहे ती अशा रचनांमुळे.

दुसरं उदाहरण शेजारच्या बुलढाण्याचं. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. सुरतेच्या एका विधवा बाईच्या खटल्यावरून त्या वेळी वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांनाच नावं ठेवली जात होती. ताराबाईंनी विचारलं, की जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत का? आणि एकेक दुर्गुण घेऊन पुरुषाच्या वागण्याशी ताडून दाखवला. ‘सगळे म्हणतात’ म्हणून एखादी समजूत खरी ठरत नाही, तिला पुरावा मागावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

मनाला समोर बसवायचं आणि समजुतीला पुरावा मागायचा, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे अमेरिकेत जो उपचार तयार झाला, त्यात याच दोन गोष्टी पुन्हा भेटतात.

बाजेवरचा सल्ला सोडून

अल्बर्ट एलिस नावाचा माणूस १९१३ साली अमेरिकेत जन्मला. लहानपणी आजारी, बराच काळ दवाखान्यात. तरुणपणी इतका लाजाळू, की मुलीशी बोलायचं म्हटलं तर घाम फुटायचा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यानं ठरवलं, की महिनाभर रोज न्यूयॉर्कच्या बागेत जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली, की शेजारी बसून तिच्याशी बोलायचं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे तो शंभरजणींशी बोलला. एकच भेटायला येते म्हणाली, आणि तीही आली नाही. पण त्याला कळलं ते वेगळंच. शंभरदा नकार मिळाला, तरी आभाळ कोसळलं नाही. भीती बायांची नव्हती, ‘नाही म्हणाली तर माझं कसं होणार’ या विचाराची होती.

पुढे एलिस मानसशास्त्र शिकला आणि नवरा-बायकोंना सल्ला देण्याचं काम करू लागला. त्या काळी मनाचा उपचार म्हणजे रुग्णानं बाजेवर पडायचं आणि वर्षानुवर्षं लहानपणीच्या आठवणी सांगायच्या. एलिसनं पाहिलं, की त्यानं माणूस बोलतो खूप, बदलतो थोडा. १९५५च्या सुमारास त्यानं स्वतःची पद्धत मांडली. १९६१ साली रॉबर्ट हार्पर या सहकाऱ्याबरोबर त्यानं लग्नसंसारावर पुस्तकही लिहिलं. म्हणजे हा उपचार अगदी सुरुवातीपासून नवरा-बायकोच्या भांडणाशी जोडलेला आहे.

त्याची पद्धत आपल्या घरातल्या उदाहरणानं बघू. समजा, घरधनी कापूस घेऊन जालन्याला गेले. चार वाजेपर्यंत येतो म्हणाले. रात्रीचे नऊ वाजले, फोन लागत नाही. बाईच्या मनात काय येतं? ‘बसला असेल कुठंतरी पिऊन. पैशाची वाट लावली असेल. याला घराची काळजीच नाही.’ दार वाजतं तोवर तिच्या डोक्यात भांडण निम्मं होऊन गेलेलं असतं. ती भांडी आदळते. तो दिवसभर काट्यावर नंबर लावून, उन्हातान्हात उभा राहून आलेला. त्याच्या मनात येतं, ‘हिला माझ्यावर विश्वासच नाही. कितीही मरमर करा, किंमतच नाही.’ तो ताट सारतो. लेकरं गप्प होऊन गोधडीत शिरतात.

एलिसचं म्हणणं असं, की घटना एक असते, तिच्याबद्दलची आपली समजूत दुसरी असते, आणि राग-दुःख हा त्या समजुतीतून आलेला परिणाम असतो. उशीर ही घटना. ‘याला काळजीच नाही’ ही समजूत. भांडी आदळणं हा परिणाम. आपण म्हणतो, उशिरामुळे राग आला. खरं तर उशीर आणि राग यांच्यामध्ये एक विचार असतो. तो इतक्या झटकन येऊन जातो, की दिसतच नाही.

आणि या विचारांत एलिसला एक खोड सापडली. माणूस ‘मला असं आवडेल’ असं म्हणत नाही, ‘असं झालंच पाहिजे’ असं म्हणतो. इंग्रजीत त्याला मोठमोठे शब्द आहेत, पण आपल्या मराठीत हे काम एक अक्षर करतं: ‘च’. ‘त्यानं माझं ऐकलंच पाहिजे.’ ‘तिनं उलटून बोलायचंच नाही.’ ‘सासूनं मला समजून घेतलंच पाहिजे.’ तोच ‘च’ दुसरीकडेही येऊन बसतो: ‘हा नेहमीच असं करतो’, ‘हिला कधीच कळत नाही’. हा ‘च’ काढून वाक्य म्हणून बघा. ‘त्यानं माझं ऐकलं तर मला बरं वाटेल.’ मागणी तीच राहते, पण हातातली काठी खाली ठेवलेली असते.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका. विचार तपासायचा म्हणजे मनाची समजूत घालायची, असं नाही. तपासायचं म्हणजे दोन्ही बाजूंचा पुरावा मांडायचा. काट्यावर गर्दी असेल, फोनची बॅटरी संपली असेल, ही एक बाजू. पण मागच्या चार खेपांपैकी तीनदा तो पिऊनच आला असेल, तर तोही पुरावाच आहे. मग तो मनाचा खेळ राहत नाही, ती घरातली खरी अडचण असते. तिला अडचण म्हणूनच हात घालावा लागतो.

चार जोडपी आणि टोकनं

त्याच काळात दुसरीकडे काही लोक म्हणत होते, की मनातलं राहू द्या, आधी वागणं बदला. रिचर्ड स्टुअर्ट यांनी १९६९ साली चार जोडप्यांवर केलेला प्रयोग छापला. दोघांनी समोरच्याकडून काय हवं ते सांगायचं, आणि रोज कागदावर नोंद ठेवायची. आता ऐका, त्या अमेरिकेतल्या बायकांनी सगळ्यात पहिली मागणी कोणती केली असेल? दागिना? साडी? नाही. ‘नवऱ्यानं माझ्याशी बोलावं.’ मंठा असो की अमेरिका, पहिली मागणी तीच निघाली.

पण या प्रयोगात एक खोट होती. नवरा नीट बोलला की त्याला टोकन मिळायचं, आणि ती टोकनं देऊन त्याला बायकोची जवळीक मिळायची. वाचणाऱ्यांनी पुढे विचारलं, की हा संसार की बाजार? बाईची जवळीक ही मजुरी नव्हे, की इतकं काम केलं तर इतके पैसे. ती टीका रास्त होती. नंतरच्या लोकांनी टोकनं सोडली आणि कामाचं तेवढं ठेवलं: तक्रार मोघम करू नका, नेमकं काय हवं ते सांगा, आणि समोरच्यानं चांगलं केलं तर ते बघा, बोलून दाखवा.

मग आले डॉक्टर आरोन बेक. १९२१चा जन्म, शंभर वर्षं जगले, २०२१ साली गेले. उदास झालेल्या रुग्णांच्या डोक्यात आपोआप येणारे विचार कसे पकडायचे आणि कसे तपासायचे, हे त्यांनी पद्धतशीर बसवलं. १९८८ साली त्यांनी खास जोडप्यांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात सांगायची गोष्ट ही, की संसारात नुसतं प्रेम पुरत नाही. प्रेम असूनही दोघं एकमेकांच्या मनातलं चुकीचं वाचत राहतात. तो गप्प बसला की ती समजते, राग आहे. ती रडली की तो समजतो, मला दोष देते. दोघंही न विचारता उत्तर ठरवून मोकळे होतात. विचार आणि वागणं, या दोन्ही वाटा मग एकत्र आल्या, आणि जोडप्यांचा विचार-वर्तन उपचार उभा राहिला.

मुंबई-ठाण्यात मराठीतून

महाराष्ट्रात हे पोचलं ते टपालानं. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी पत्रव्यवहार सुरू केला, आणि तो तीस वर्षांहून अधिक काळ चालला. फडक्यांनी ही पद्धत आपल्याकडे आणली, शिकवली, विद्यार्थी तयार केले. मराठीत तिला नाव मिळालं ‘विवेकनिष्ठ’ उपचार. विवेक हा शब्द आपल्या कीर्तनातला, प्रवचनातला. त्यामुळे अमेरिकेतली गोष्ट परकी वाटली नाही. अंजली जोशी यांनी एलिसबद्दल मराठीत लिहिलं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली, आणि व्याख्यानांतून, पुस्तकांतून हा विचार सामान्य माणसांपर्यंत नेला.

पण मैत्रिणींनो, हे सगळं झालं शहरात. भोकरदनच्या एखाद्या वाडीवरच्या बाईनं काय करायचं? मोंढ्यापर्यंत जायला गाडी नाही, तिथे ठाण्याला कोण जाणार? आणि गेली तरी ‘वेडी झाली का’ म्हणून गाव विचारणार.

डॉक्टरकडून बाईच्या हातात

या प्रश्नाचं उत्तर आलं ते सरहद्दीपलीकडून. पाकिस्तानात रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्याच आरोग्यसेविका घरोघरी जातात. डॉ. आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना या उपचाराची सोपी पद्धत शिकवली. बाळंतपणाच्या आगेमागे उदास झालेल्या बायांना या सेविकांनी घरी जाऊन भेटायचं, बोलायचं, विचार कसा बदलून बघायचा ते दाखवायचं, आणि घरच्यांनाही मदतीला घ्यायचं. २००८ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनंतर, ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यापैकी शंभरातल्या २३ बाया अजून उदास होत्या. ज्यांना मिळाला नाही, त्यांच्यात शंभरातल्या ५३. हे काम करणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या.

आपल्याकडे गोव्यात ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून आहे. तिनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. मनानं फार खचलेल्या माणसाबरोबर सहा ते आठ वेळा बसायचं, दिवसाची छोटी छोटी कामं ठरवायची, अडचण सोडवायला मदत करायची. तीन महिन्यांनी, उपचार मिळालेल्यांपैकी शंभरातले ६४ जण सावरले होते, इतरांत ३९. आणखी एक गोष्ट निघाली. उपचार मिळालेल्या बायांमध्ये नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं प्रमाणही कमी दिसलं. याचा अर्थ बाईच्या उदासीमुळे तिला मार बसत होता, असा मुळीच नाही. मारणाऱ्याचा हात त्याचाच असतो. पण बाई उठून उभी राहिली की घरातलं बरंच काही हलतं, एवढं त्यातून दिसतं.

मग विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम झाला. त्यात बचत गटांतल्या आणि शेतकरी मंडळांतल्या लोकांनाच ऐकून घ्यायला आणि आधार द्यायला शिकवलं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनाच.

जोडप्यांपुरतं बोलायचं तर ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १०८१ तरुण जोडप्यांबरोबर ‘चार्म’ नावाचा कार्यक्रम झाला. गावात दवाखाना चालवणाऱ्या पुरुषांना शिकवलं. त्यांनी आधी दोनदा नवऱ्याला एकट्याला बसवून बोलायचं, आणि तिसऱ्यांदा दोघांना एकत्र. विषय होता पाळणा लांबवणं, पण बोलणं व्हायचं ते बायकोला विचारण्याबद्दल, तिच्या इच्छेबद्दल, मारहाणीबद्दल. याला कुणी सीबीटी म्हटलं नाही, पण काम तेच: ‘बायकोला काय विचारायचं’ ही समजूत बाहेर काढायची, तपासायची आणि नवं वागून बघायचं. दीड वर्षानंतर या कार्यक्रमातल्या बायांनी नवऱ्याकडून होणारी लैंगिक बळजबरी कमी सांगितली, आणि बायकोला मारणं योग्य असं मानणारे नवरे कमी झाले. पुढे पुण्याच्या जुन्नर तालुक्यात १२०१ जोडप्यांबरोबर तो पुन्हा झाला. या वेळी बायांसाठी वेगळ्या बैठका ठेवल्या, कारण बाईला नवऱ्यासमोर बोलायच्या आधी स्वतःशी बोलायला जागा लागते.

आपल्या जिल्ह्यात

आता जालन्यात या. २०१५ साली राज्य सरकारनं ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. शेतकरी आत्महत्या जास्त असलेले चौदा जिल्हे त्यात घेतले, मराठवाड्याचे आठही आणि विदर्भातले सहा. जालना त्यात आहे. आशाताई घरोघरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारते: झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नको वाटतं का. गरज दिसली तर आरोग्य केंद्रात आणि पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवते. हे नवरा-बायकोच्या भांडणासाठी काढलेलं नाही, पण कर्ज, दारू, उदासी आणि भांडण एकाच चुलीवर शिजतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना तर हे जास्त ठाऊक आहे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. दोघांचं बिनसलं तरी फड थांबत नाही, उचल फिटायची असते. रात्री कोपीत भांडायलाही आडोसा नसतो. तिथे ‘आपण जरा बाजूला बसून बोलू’ म्हणणंही सोपं नाही. म्हणूनच ही पद्धत ज्याच्याजवळ वेळ आणि पैसा आहे त्याच्यापुरती राहून चालणार नाही. ती पाच मिनिटांत, चुलीपाशी, करता आली पाहिजे.

कुठे वापरायची नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवरा-बायकोचं मिटवणं आपल्याकडे नवं नाही. पूर्वी वडीलधारे मिटवायचे, भावकी मिटवायची. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, गावोगाव समित्या झाल्या. कितीतरी वाद त्यातून मिटले. पण ‘मिटवून घ्या’ म्हणताना बहुतेक वेळा वाकायला सांगितलं जातं ते बाईला. ‘तू जरा गप्प बसत जा.’ ‘तुझेच विचार वाईट.’ उद्या कुणी हा नवा उपचार हातात घेऊन हेच म्हणेल: ‘मार बसला ही नुसती घटना, दुःख तुझ्या विचारातून आलं.’ असं कुणी म्हणालं, तर समजा की त्याला हा उपचार कळलेला नाही.

खुद्द या उपचाराच्या जाणकारांनीच हे सांगून ठेवलं आहे. नील जेकबसन हे जोडप्यांच्या उपचारातले मोठे नाव. त्यांनी आणि जॉन गॉटमन यांनी बायकांना मारणाऱ्या पुरुषांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९९८ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: जिथे नवरा धाक दाखवून, मारून बायकोला ताब्यात ठेवतो, तिथे दोघांना एकत्र बसवून उपचार करू नका. कारण तिथे ती खरं बोललीच, तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिला मोजावी लागते.

आपल्या महाराष्ट्रातही हा धडा आधीच शिकला गेला होता. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच जागेत समाजसेविका बसवली. पुढे असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. तिथे पहिला प्रश्न ‘नांदायला जातेस का’ हा नसतो, ‘तू सुरक्षित आहेस का’ हा असतो. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला आणि संरक्षण अधिकारी नेमले गेले. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण चार विवाहित बायांमागे एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. गटाच्या बैठकीत वीसजणी बसल्या असतील, तर हिशोब तुम्हीच करा.

तेव्हा फरक असा करा. दोघंही बोलू शकतात, दोघंही ‘नाही’ म्हणू शकतात, कुणी कुणाला भीत नाही, तिथे भांडण आहे, आणि तिथे ही पद्धत कामाची. एकजण बोलताना दुसऱ्याचा चेहरा बघून शब्द गिळतो, तिथे भांडण नाही, भीती आहे. तिथे आधी मदत मागायची: १८१ ही महिलांची हेल्पलाइन, तातडीला ११२. मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेली मानस, १४४१६. ती २०२२ पासून आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

गटात करून बघण्यासारखं

जिथे भीती नाही, तिथे चार गोष्टी करता येतात.

पहिली, ‘च’ पकडणं. दिवसभरात नवऱ्याबद्दल मनात आलेलं एक ‘च’चं वाक्य आठवायचं, आणि ते ‘च’ काढून म्हणून बघायचं. नवऱ्यालाही सांगा, त्याच्याकडेही भरपूर ‘च’ असतात.

दुसरी, ठरवायच्या आधी विचारणं. ‘तुम्हाला माझी काळजीच नाही’ म्हणण्याऐवजी, ‘उशीर झाला, मला धाकधूक होत होती. काय झालं?’ एवढंच.

तिसरी, नेमकं मागणं. ‘घरात लक्ष द्या’ यातून काही कळत नाही. ‘सोमवारी पोरीच्या शाळेत तुम्ही जा’ हे कळतं. आणि त्यानं केलं, तर ते बोलून दाखवायचं. आपल्याकडे चुकलेलं लगेच सांगतात, बरोबर केलेलं सांगायला जीभ रेटत नाही.

चौथी, थांबण्याचा शब्द. डोकं तापायच्या आधी दोघांनी मिळून एक शब्द ठरवायचा. तो म्हटला की थांबायचं, पाणी प्यायचं, अर्ध्या तासानं परत बोलायचं. परत बोलायचं हे विसरायचं नाही, नाहीतर ते थांबणं म्हणजे नुसता अबोला होतो.

या चारही गोष्टी दोघांनी करायच्या आहेत. एकटी बायको विचार तपासत बसली आणि नवरा तसाच राहिला, तर तो उपचार नाही, ती नवी सोशिकता. रावळपिंडीच्या सेविकेनं घरच्यांना सोबत घेतलं, ठाण्याच्या खेड्यात आधी नवऱ्याला बसवलं, ते याचसाठी. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की अर्धा तास या विषयाला ठेवा. कुणाच्या घरातलं नाव घेऊन बोलायचं नाही, गटातलं गटाबाहेर न्यायचं नाही, एवढं आधी ठरवा. आशाताईला बोलवा. आणि पुरुषांचीही एक बैठक लावायला सरपंचांना किंवा आरोग्य केंद्राला सांगा. तिथे पहिला विषय हाच ठेवायला लावा: आपल्या बोलण्यातला ‘च’.